‘चॉम्प’ हे आवाज करणारे इंग्रजी क्रियापद रोजच्या वाक्यांत कसे वापरावे

मराठीत खाण्याचा आवाज क्रियापदाच्या बाहेर राहतो. आपण मचमच खातो, फुटाणे कुडुमकुडुम चावतो, कढीचे भुरके मारतो. खाण्याचे क्रियापद आपल्या जागी असते आणि आवाज सांगणारा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो. इंग्रजीची रीत निराळी आहे. तेथे आवाज, जबड्याची हालचाल आणि खाणाऱ्याचा उत्साह हे सगळे पुष्कळदा एकाच क्रियापदात सामावलेले असते, आणि ‘चॉम्प’ हे त्या जातीचे ठसठशीत क्रियापद आहे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे आपल्याकडील मुलांच्या वह्यांत ‘ही इज ईटिंग विथ मच साउंड’ अशी वाक्ये येतात. त्यांचा अर्थ कळतो, व्याकरणही फारसे बिघडलेले नसते. पण ज्या बैलाचे किंवा ज्या पोराचे वर्णन करावयाचे आहे, त्याचे चाललेले तोंड वाचणाऱ्याला दिसत नाही. ‘ही इज चॉम्पिंग’ एवढे लिहिले की ते दिसते आणि ऐकूही येते. म्हणून या क्रियापदाचा पहिला नियम असा की, त्याच्याबरोबर ‘ईट’ लिहू नये आणि ‘साउंड’ही लिहू नये, ते दोन्ही त्याच्या पोटात आधीच आहेत.

उच्चार आणि अक्षरे

सी, एच, ओ, एम, पी ही त्याची अक्षरे. ‘चॉकलेट’मधला ‘चॉ’ घ्यावा, त्यावर ओठ मिटून ‘म्’ म्हणावा आणि मिटलेले ओठ उघडताना ‘प्’ सोडावा. शेवटचा ‘प’ गिळू नये, कारण जबडा आपटल्याचा भास त्यातूनच होतो. स्वराकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘चॉ’ऐवजी ‘चं’ म्हटले तर इंग्रजी कानाला ‘चंप’ ऐकू येते, आणि त्या शब्दाचा अर्थ सहज फसवला जाणारा बावळट माणूस असा आहे. ‘चॅ’ म्हटले तर चॅम्पियनचे लघुरूप ‘चॅम्प’ होते. एका स्वराच्या फरकाने बैल खाण्याऐवजी बावळट किंवा विजेता ठरावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

भूतकाळाचे रूप लिहिताना ‘ई-डी’ लागते, पण उच्चार ‘चॉम्पेड’ असा नसून ‘चॉम्प्ट’ असा आहे. प, क, च, स, श, फ यांसारख्या घोषरहित ध्वनीने संपणाऱ्या इंग्रजी क्रियापदांना भूतकाळी ‘ट’चा आवाज येतो, म्हणूनच ‘मंच’चे ‘मंच्ट’, ‘क्रंच’चे ‘क्रंच्ट’ आणि ‘स्लर्प’चे ‘स्लर्प्ट’ होते, तर घोष ध्वनीने संपणाऱ्या ‘चू’ आणि ‘गॉबल’ यांची रूपे ‘चूड’ आणि ‘गॉबल्ड’ अशी होतात. आणखी एक बारकावा आहे: तो, ती, ते यांच्यासोबत ‘चॉम्प’ला नुसता ‘स’ लागतो, मात्र ‘मंच’ आणि ‘क्रंच’ ‘च’ने संपत असल्यामुळे त्यांची रूपे ‘मंचेस’ आणि ‘क्रंचेस’ अशी एका अक्षराने वाढतात.

वऱ्हाडीतला ‘राहिला’ येथे कामी येतो

काळ निवडताना वऱ्हाडी बोलणाऱ्याला एक सोय आयती मिळालेली आहे. ‘काहून मचमच करून राहिला बे?’ असे आई पोराला विचारते, तेव्हा ती क्रिया या घटकेला चालू आहे हे ‘करून राहिला’ या प्रयोगातून नेमके कळते. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ तोच आहे: ‘व्हाय आर यू चॉम्पिंग?’ ‘ढोरं कडबा खाऊन राहिले’ याचे ‘द कॅटल आर चॉम्पिंग ऑन ड्राय फॉडर’ होते. ‘कॅटल’ हा शब्द नेहमी अनेकवचनी असल्यामुळे तेथे ‘इज’ येत नाही. ज्या प्रयोगाबद्दल शाळेत ‘शुद्ध बोला’ म्हणून रागावून घ्यावे लागते, तोच प्रयोग इंग्रजीच्या तासाला वाट दाखवतो, याची गंमत वाटते. जेथे बोलीत ‘राहिला’ येत नाही आणि नुसते ‘खाते’, ‘खातो’ येते, तेथे सवयीचे विधान असते आणि साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘अवर बुलक चॉम्प्स ऑन ड्राय स्टॉक्स एव्हरी इव्हनिंग.’ ही कसोटी बहुतेक वाक्यांना लागू पडते, आणि काळांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा ती अधिक विश्वासाची आहे.

क्रियापदामागे येणारे छोटे शब्द

‘चॉम्प’चे खरे कौशल्य त्याच्या मागून येणाऱ्या ‘ऑन’, ‘थ्रू’, ‘डाउन’, ‘अवे’ अशा शब्दांत आहे, कारण तेच बदलले की खाण्याची अवस्था बदलते. सर्वांत अधिक लागणारा शब्द ‘ऑन’ आहे. ‘द गर्ल वॉज चॉम्पिंग ऑन अ रोस्टेड कॉर्नकॉब’ म्हणजे मुलीचे भाजलेला भुट्टा खाणे चालले होते. तो संपला की नाही, हे वाक्य सांगत नाही. ‘ऑन’ गाळून ‘चॉम्प्ड अ कॉर्नकॉब’ असे लिहिता येते, परंतु रोजच्या इंग्रजीत ‘ऑन’ असलेले रूप अधिक सहज वाटते, तेव्हा शिकणाऱ्याने तेच धरून चालावे.

संपवण्याचा अर्थ हवा असेल तर ‘थ्रू’ घ्यावा. ‘ही चॉम्प्ड थ्रू सिक्स ग्वावाज’ म्हणजे त्याने सहा पेरू एकामागून एक खाऊन संपवले. त्यालाच लांबवून ‘चॉम्प्ड हिज वे थ्रू’ असे म्हटले की ढिगातून वाट काढत खाल्ल्याचे चित्र उभे राहते. मराठीतल्या ‘फडशा पाडला’ किंवा ‘फस्त केले’ यांना हा प्रयोग फार जवळचा आहे. येथे ‘हिज’ हा शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो, म्हणजे मुलीसाठी ‘हर’ आणि अनेकांसाठी ‘देअर’ येतो, हे विसरू नये.

‘डाउन ऑन’ हे एकाच जोरकस चाव्याचे रूप आहे. कुत्र्याने हाड दातांत घट्ट धरले, मगरीने जबडा मिटला, किंवा फुटाणे खाताना मध्येच खडा दाताखाली आला, अशा क्षणांना ते शोभते: ‘आय चॉम्प्ड डाउन ऑन अ स्टोन.’ उलट ‘अवे’ लावले की क्रिया बेफिकीरपणे चालूच राहते. ‘द गोट चॉम्प्ड अवे व्हाइल वी शाउटेड’ म्हणजे आम्ही ओरडत राहिलो आणि शेळी खातच राहिली. शेळी पाळणाऱ्या कोणालाही या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नाम म्हणूनही हा शब्द चालतो, ‘विथ वन चॉम्प’ म्हणजे एका घासात, पण त्याचा उपयोग थोडा आहे.

आवाज कोठून येतो ते पाहावे

आता प्रश्न असा की, प्रत्येक आवाजी खाण्याला ‘चॉम्प’ म्हणावे काय? तसे केल्यास शब्द बोथट होतो. शेजारची क्रियापदे निवडण्यासाठी आवाज नेमका कोठून निघतो, एवढेच पाहणे पुरेसे आहे. जबड्याच्या जोरकस उघडझापीतून आवाज येत असेल तर ‘चॉम्प’. पदार्थ स्वतःच कडक असून तो मोडल्याचा आवाज येत असेल तर ‘क्रंच’; पोळ्याच्या जेवणातला भाजलेला पापड किंवा कडक फुटाणे यांना हेच क्रियापद हवे. तोंड हलते आहे, आवाज आहे पण बेताचा, आणि खाणारा निवांत आहे, अशा वेळी ‘मंच’; एसटीच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत मुरमुरे किंवा शेंगदाणे तोंडात टाकणारा माणूस ‘मंच’ करतो, ‘चॉम्प’ करीत नाही. ओठांचा चपचप आवाज असेल तर ‘स्मॅक’, आणि तो ‘लिप्स’सह येतो. पातळ पदार्थ हवेबरोबर ओढला जात असेल तर ‘स्लर्प’: बशीतला चहा, वाटीतली कढी, आंबील. दात बराच वेळ एकाच कठीण वस्तूवर घासत असतील तर ‘नॉ’, ज्याच्या लेखनातला आरंभीचा ‘जी’ उच्चारला जात नाही. उंदीर ज्वारीचे पोते कुरतडतो त्याला हा शब्द आहे.

‘मंच’बद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचा उच्चार आपल्या ‘मंच’ या शब्दाच्या इतका जवळ आहे की ‘मंचिंग’ ऐकल्यावर प्रथम व्यासपीठ आठवते. किराणा दुकानात टांगलेल्या त्या नावाच्या वेफर चॉकलेटमुळे खेड्यातल्या मुलांना शब्द ओळखीचा आहे, पण तो खाण्याचे क्रियापद आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिक्षकांनी ओळख तेथूनच करून द्यावी. आयते उदाहरण हातात असताना फळ्यावर व्याख्या लिहिण्याचे कारण नाही.

पदार्थांचा विचार केला तर ‘चॉम्प’ला दातांना पुरेसा विरोध करणारी, तोंडभर येणारी वस्तू मानवते. भुट्टा, गाजर, काकडी, पेरू, झुणक्याबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, या सर्वांसाठी तो योग्य आहे. ज्वारीचा कोवळा हुरडा मऊ आणि दुधाळ असतो, तेथे ‘मंच’ बरा. उसाला मात्र एकही क्रियापद पुरत नाही. दातांनी साल सोलणे ‘पील’, कांडे तोडणे ‘बाईट ऑफ’, चावत राहणे ‘चू’, रस ओढणे ‘सक’ आणि चोयट्या थुंकणे ‘स्पिट आउट’ अशी क्रियापदांची रांगच लागते. ऊस खाण्यावर सहा ओळी लिहायला सांगितल्या तर इंग्रजी क्रियापदांचा चांगला सराव होतो.

गोठ्यात बसून केलेला अभ्यास

वऱ्हाडात ज्याला कोठा म्हणतात, त्या गोठ्याइतकी या शब्दांची चांगली शाळा दुसरी नाही. संध्याकाळी गव्हाणीत कडब्याची पेंढी सोडली की बैल जिभेने धांडा ओढून घेतो, खालचा जबडा एका बाजूला सरकवतो आणि धांडा दाढांखाली येऊन मोडतो. हा पहिला कोरडा, तुटक आवाज ‘क्रंच’चा आहे. पुढे लाळ सुटते, धांडा भिजतो, आवाजातला कडकपणा जातो, आणि जबडा आडवा फिरत राहिल्याचा संथ, ओला, ठेक्यातला आवाज उरतो, तो ‘चॉम्प’चा. सरकीची ढेप भिजवून दिली असेल तर पहिला आवाज येतच नाही, एकदम दुसराच सुरू होतो. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार खाताना आवाज बारीक असतो, तेथे ‘मंच’ म्हटलेले चालते. हे तीन फरक कानाने ओळखता आले की शब्दकोश उघडण्याचे काम पुष्कळ कमी होते.

नंतर बैल बसतो आणि रवंथ करू लागतो. रवंथाला ‘चॉम्प’ म्हणू नये. त्यासाठी इंग्रजीत ‘चू द कड’ असा ठरलेला प्रयोग आहे, आणि बैल दिवसाचे सात-आठ तास त्यातच घालवत असल्यामुळे तो शेतकऱ्याच्या घरात वारंवार लागतो: ‘द बुलक्स आर चूइंग द कड अंडर द नीम ट्री.’ बांधावर चरणाऱ्या गाईला ‘ग्रेझ’ हे क्रियापद आहे. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते गवत जिभेने गुंडाळून तोडतात. म्हणून एका चाव्याचे ‘चॉम्प डाउन ऑन’ हे रूप त्यांना लावणे प्रत्यक्षाला धरून होत नाही. ते वाघ, कुत्रा, मगर यांच्यासाठी राखून ठेवावे.

माणसांबद्दल वापरताना

बैलाला शोभणारा शब्द पाहुण्याला लावताना विचार करावा लागतो. ‘चॉम्प’ हा अनौपचारिक शब्द आहे आणि माणसाविषयी वापरला की त्यात थोडी थट्टा, क्वचित तक्रार मिसळते. मराठीत ‘आजोबा जेवत आहेत’ या वाक्यातला आदर क्रियापदाच्या रूपातून दिसतो. इंग्रजी क्रियापदात तशी सोय नसल्यामुळे आदर किंवा अनादर शब्दाच्या निवडीवरच अवलंबून राहतो. ‘माय ग्रँडफादर इज चॉम्पिंग ऑन हिज भाकर’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी आजोबांची टर उडवल्यासारखे वाचले जाईल. तेथे ‘इज ईटिंग’ किंवा ‘इज हॅविंग’ लिहावे. लहान भाऊ, वर्गमित्र किंवा आपण स्वतः यांच्याबद्दल लिहिताना मात्र संकोच नको: ‘आय चॉम्प्ड माय वे थ्रू अ प्लेट ऑफ आलूबोंडा.’

तक्रार करताना शब्दांची निवड सांभाळावी. घरात धाकट्याला ‘स्टॉप चॉम्पिंग!’ म्हणणे म्हणजे आपले ‘मचमच नको करू’ आहे. बाहेरच्या माणसाला हेच उद्धट वाटेल. वसतिगृहातल्या खोलीमित्राला विनंतीच करायची असेल तर ‘कुड यू चू विथ युअर माउथ क्लोज्ड, प्लीज?’ असे म्हणावे, आणि तेही एकट्याला गाठून. चारचौघांत बोललेले सौम्य इंग्रजीसुद्धा झोंबतेच.

अर्ज, औपचारिक पत्र किंवा विज्ञानाचे उत्तर यांत ‘चॉम्प’ला जागा नाही. पचनाच्या उत्तरात अन्न दातांनी चावले जाते असे लिहायचे असेल तर ‘चू’ किंवा पुस्तकी ‘मॅस्टिकेट’ घ्यावे. निबंध, गोष्ट, चित्रवर्णन आणि मित्राला पत्र ही त्याची हक्काची ठिकाणे आहेत, आणि तेथेही एका परिच्छेदात एकदाच आल्यास तो उठून दिसतो.

खाणे नसलेले ‘चॉम्प’

एक वाक्प्रचार मात्र खाण्याशी संबंध नसताना येतो. घोड्याच्या तोंडात लगामाची जी लोखंडी कडी असते तिला इंग्रजीत ‘बिट’ म्हणतात. धावण्याला उत्सुक झालेला घोडा सोडण्याआधी ती कडी चावत राहतो, त्यावरून ‘चॉम्पिंग ॲट द बिट’ म्हणजे एखादी गोष्ट सुरू करण्यासाठी उतावीळ होणे, असा अर्थ रूढ झाला. याचे जुने रूप ‘चॅम्पिंग ॲट द बिट’ असे आहे, कारण ‘चॅम्प’ हे घोड्याच्या चावण्याचे जुने क्रियापद असून ‘चॉम्प’ हे त्याचेच बदललेले रूप आहे. अमेरिकी लेखनात ‘चॉम्पिंग’ सर्रास दिसते, काही काटेकोर लेखक अजून ‘चॅम्पिंग’च धरतात, शिकणाऱ्याने दोन्ही ओळखावीत आणि आपल्या लेखनात एक पक्के करावे.

आपल्याकडे या वाक्प्रचाराला मृगाइतका चांगला प्रसंग नाही. 7 जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागते, एखादी सर येते, मातीचा वास सुटतो, आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग सांगत असतानाही शेतकऱ्याचा हात बियाण्याच्या पिशवीकडे जातो. त्या अवस्थेचे इंग्रजी वाक्य असे होईल: ‘आफ्टर द फर्स्ट शॉवर, द फार्मर्स वेअर चॉम्पिंग ॲट द बिट टू सो.’ येथे ‘ॲट’च यावा. ‘ऑन द बिट’ लिहिले तर कोणीतरी खरोखरच लोखंड चावत असल्याचा अर्थ होतो. आपल्या बैलाला बिट नसते, वेसण असते. तेव्हा या प्रयोगाचे शब्दशः मराठी करण्याच्या भरीस पडू नये.

पीक खाणाऱ्या जीवांबद्दलही हे क्रियापद लाक्षणिक अर्थाने चालते. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांना ‘चॉम्प थ्रू’ सरळ लागू पडते, कारण त्यांचे खाणे ऐकू येण्याजोगे असते. पाने खाणाऱ्या अळ्यांचा आवाज आपल्याला येत नाही, तरी बातम्यांच्या इंग्रजीत त्यांना ‘मंच थ्रू’ किंवा ‘चॉम्प थ्रू’ लावलेले आढळते, आणि ते चूक मानले जात नाही. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडाला छिद्र पाडून आत शिरते आणि आतल्या आत सरकी पोखरते. 2017 च्या हंगामात तिने विदर्भातल्या कपाशीचे जे नुकसान केले, ते बोंडे फुटेपर्यंत अनेकांना बाहेरून दिसले नाही. तिच्यासाठी ‘बोअर इन्टू’ हे क्रियापद योग्य आहे.

सरावासाठी काही वाक्ये

पुढील वाक्ये प्रथम स्वतः करून पाहावीत आणि मग उत्तराशी ताडावीत. ‘माझा भाऊ बांधावर बसून काकडी खाऊन राहिला’ याचे उत्तर ‘माय ब्रदर इज सिटिंग ऑन द बंड, चॉम्पिंग ऑन अ क्युकंबर’ असे होईल. काकडी कुरकुरीत असल्याचे दाखवायचे असल्यास ‘क्रंचिंग’ही चालेल. ‘आम्ही बसमध्ये फुटाणे खात होतो’ यासाठी ‘वी वेअर मंचिंग ऑन रोस्टेड ग्राम इन द बस’ पुरेसे आहे, कारण येथे फुटाणे मोडल्याच्या आवाजावर भर नाही. ‘काका बशीतून चहा पितात’ याचे ‘माय अंकल ड्रिंक्स टी फ्रॉम द सॉसर’ करावे. काकांसाठी ‘स्लर्प’ टाळलेला बरा, कारण वडीलधाऱ्यांबद्दल थट्टेचा सूर नको, हे वर आलेच आहे. ‘कुत्र्याने चपलेला एकदम चावा घेतला’ याला ‘द डॉग चॉम्प्ड डाउन ऑन द स्लिपर’ म्हणावे. ‘एका रात्रीत रोह्यांनी हरभऱ्याचे अर्धे वावर फस्त केले’ याचे ‘इन अ सिंगल नाइट, द नीलगाय चॉम्प्ड देअर वे थ्रू हाफ द ग्राम फील्ड’ होते. या शेवटच्या वाक्यात ‘ईट’ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि ‘देअर’ विसरला नाही ना, एवढे पुन्हा पाहावे.